गव्हाणीतला चारा आणि झाडपाल्याचं औषध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यातला चारा, जनावरांचा खुराक आणि गोठ्यात दिला जाणारा झाडपाला हा माझ्या संशोधनाचा विषय. फोनवर, जनावरांच्या बाजारात, चाऱ्याची पिशवी घेऊन आलेल्यांकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत. विषयच तसे आहेत.

मॅडम, तुम्ही नक्की काय करता? झाडपाल्याची औषधं बनवून देता का?

बनवत नाही, विकत तर नाहीच. दोन गोष्टी तपासते. जनावर जे खातं त्यात आहे काय, ही एक. अमुक पाल्याने तमुक होतं असं सांगतात ते खरंच होतं का आणि किती दिल्यावर होतं, ही दुसरी.

पहिलं काम सरळ आहे. चारा ओव्हनमध्ये वाळवायचा, दळायचा, त्यातली प्रथिनं, तंतू, स्निग्धांश आणि राख मोजायची. दुसऱ्या कामाला जनावराचं पोट लागतं, आणि ते आम्ही काचेत मांडतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांचा चारा खरं तर पचवतात ते कोटीपोटातले, म्हणजे जठराआधीच्या मोठ्या पोटातले जिवाणू, आदिजीव आणि बुरशी. ते चारा आंबवतात आणि त्यातून जे तयार होतं त्यावर जनावर जगतं. कोटीपोटातलं हे पाणी सकाळी खुराकाच्या आधी काढायचं, कोमट थर्मासमधून आणायचं, मलमलीच्या चार पदरांतून गाळायचं. हवा लागली की त्यातले जिवाणू मरायला लागतात, म्हणून वरून सतत कार्बन डायऑक्साइड सोडावा लागतो. मग १०० मिलिलिटरच्या काचेच्या सिरिंजमध्ये २०० मिलिग्रॅम दळलेला चारा, त्यावर हे पाणी आणि क्षारांचं द्रावण, आणि सिरिंज ३९ अंशांवर. चारा पचू लागला की वायू तयार होतो आणि दट्ट्या आपोआप वर सरकतो. २४ तासांनी आकडा वाचायचा. भरडलेल्या मक्याचा दट्ट्या भराभर चढतो, जुनाट कडब्याचा रेंगाळतो. जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठात १९७०च्या दशकात ही पद्धत बसवली गेली, आजही जगभर तीच चालते. हाताला लागलेला वास मात्र कोणत्याच साबणाला दाद देत नाही.

गाईचं पोट टम्म भरलेलं असतं, तरी वाळत चाललीय. कुठला पाला घालू?

पाला नंतर. गव्हाणीत काय आहे ते आधी सांगा. बहुतेक वेळा उत्तर येतं, कडबा.

कडब्याला नावं ठेवणारी मी नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली ज्वारीची मालदांडी ३५-१ ही जात इतकी वर्षं आपल्या रानात टिकली ती भाकरीइतकीच कडब्याच्या जोरावर. दुष्काळात जनावरं जगवली तीही त्यानेच. पण कडब्यात प्रथिनं जेमतेम ३ ते ४ टक्के, आणि कोटीपोटातल्या जिवाणूंना काम करायला एकूण खाण्यात निदान ७ टक्के लागतात. तेवढी मिळाली नाहीत की तेच उपाशी राहतात. चारा पोटात तसाच पडून राहतो, जागा रिकामी होत नाही, म्हणून गाय आणखी खातही नाही. अशा गाईला ओवा, सुंठ, काळं मीठ चाटवलं तर ती आवडीने चाटेल. वाळणं थांबणार नाही.

तिला लागतं ते पेंड, हिरवा द्विदल चारा किंवा प्रक्रिया केलेला कडबा. १०० किलो कुट्टीला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा, पायाने दाबत जायचं, वरून प्लास्टिकने हवाबंद करायचं, २१ दिवस उघडायचं नाही. उघडल्यावर वास उडू द्यायचा आणि थोड्या थोड्यापासून सुरुवात करायची. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हा चारा नको. उरलेलं युरियाचं पाणी बादलीत ठेवून चहाला जाऊ नका. जनावर ते पितं आणि मरतं.

माझ्याकडे औषध म्हणून येणारे बरेचसे प्रश्न असे गव्हाणीचे निघतात. माजावर न येणं, वारंवार उलटणं, दूध अचानक कमी होणं, माती-चिंध्या चाटणं, हाडं चघळणं. शेवटच्या दोन्हींत फॉस्फरसची कमतरता असू शकते, ती कुठल्या काढ्याने भरून निघत नाही. मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम मिनरल मिक्श्चर आणि थोडं मीठ, हा खर्च बाटलीबंद टॉनिकच्या कितीतरी खाली येतो.

गाळप सुरू झालं की वाढं (उसाचे शेंडे) स्वस्त मिळतं. चार महिने तेवढंच घातलं तर चालेल का?

तेवढंच घातलं तर नाही. फडातून मोळ्या बांधून आणलेलं हिरवंगार वाढं बघितलं की जनावरं हंबरतात हे मान्य, पण त्यात ऑक्झलेट असतं आणि ते पोटातला कॅल्शियम बांधून टाकतं. दुभत्या म्हशीचं आधीच दुधावाटे कॅल्शियम जात असतं. महिनोन्महिने फक्त वाढ्यावर राहिलेल्या जनावराची हाडं झिजतात, चाल बिघडते, आणि व्याल्यावर म्हैस बसली की धावाधाव होते.

वाढं निम्म्यावर ठेवा. बाकी लसूणघास, तुरीचं भुसकट, कडबा यांची जोड द्या. कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडण्याची जुनी रीत आहे, ती शास्त्राला धरून आहे: चुन्यातला कॅल्शियम ऑक्झलेटला आधीच अडकवतो. हा घरगुती उपाय मी डोळे झाकून सांगते.

कांद्याचा भाव पडलाय. ट्रॉलीभर माल परत आणलाय. जनावरांना टाकू का?

ढीग ओतून मोकळं सोडू नका, एवढं आधी ऐका.

सोलापूरच्या बाजार समितीत भाव कोसळला की त्या आठवड्यात हा प्रश्न येतोच. कांद्यात गंधकाची संयुगं असतात. कोटीपोटात त्यांचं रूपांतर होतं आणि ती रक्तातल्या तांबड्या पेशींवर हल्ला करतात, पेशी फुटतात. हे त्याच दिवशी दिसत नाही, म्हणून फसगत होते. काही दिवसांनी लघवी लालसर तपकिरी होते, हिरड्या आणि डोळ्यांच्या कडा पांढऱ्या पडतात, गाय चालताना झोकांड्या खाते, श्वासाला कांद्याचा दर्प येतो. लाल लघवी दिसली की गोचीडतापाची औषधं सुरू होतात आणि कांद्याचं कोणी बोलतच नाही. डॉक्टरांना कांद्याचं आधी सांगा.

शेळ्या-मेंढ्या कांदा बऱ्यापैकी सोसतात, गाई-म्हशी कमी. खाण्यातल्या एकूण शुष्क भागाच्या पाव हिश्शापर्यंत कांदा गाईंना चालल्याचे निष्कर्ष आहेत, पण ते प्रत्येक गाईला मोजून, मिसळून दिलेलं असताना. आपल्या गोठ्यात दावणीची दांडगी गाय शेजारणीचाही वाटा खाते. म्हणून माझा सल्ला त्याच्या बराच खाली थांबतो: मोठ्या जनावराला दिवसाला चार-पाच किलो, चिरून, कुट्टीत कालवून, हळूहळू वाढवत. अख्खा कांदा घशात अडकू शकतो. गाभण जनावराला आणि सडलेला, काळी बुरशी धरलेला कांदा कोणालाच नको. दुधाला वास येतो, डेअरीवाल्याची बोलणी खावी लागतील ती वेगळीच.

झाडपाला आहे, फायदा नाही झाला तरी अपाय तर नाही ना?

किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीचं विष, लागून मेलेली गाय ज्याने पाहिलीय तो हा प्रश्न विचारत नाही.

ज्वारीच्या कोवळ्या ताटांत, पावसाने ताण दिल्यावर खुरटलेल्या पिकात आणि कापणीनंतर आलेल्या फुटव्यांत असा घटक असतो की चावल्यावर त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. काही मिनिटांत धाप लागते, जनावर कोसळतं, रक्त लालभडक दिसतं. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं शिरेतून वेळेत मिळाली तर वाचतं. गूळपाणी करत बसू नका, १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर आधी फोन लावा. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत त्यात जनावर सोडायचं नाही. पक्व, वाळलेल्या कडब्यात ही भीती राहत नाही.

बांधावरची घाणेरी यकृत बिघडवते. मग उन्हात उभ्या जनावराची पांढरी कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. हीसुद्धा झाडंच आहेत.

कासदाहावर कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप खरंच लागू पडतो?

सुरुवातीच्या, सौम्य कासदाहात, म्हणजे दगडीत, उपयोग होतो असं माझं मत आहे. तमिळनाडूतले पशुवैद्यक प्राध्यापक एन. पुन्नियमूर्ती यांनी अशा पारंपरिक नुसख्यांवर बरीच वर्षं काम केलं आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ते गावोगाव नेले. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम, एकत्र वाटायचं. सड पूर्ण पिळून रिकामे करायचे, कास धुऊन पुसायची, लेप पाण्याने पातळ करून दिवसातून अनेकदा लावायचा, सलग पाच दिवस. दिवसातून एकदा लावून "गुण नाही आला" म्हणणारे फार.

आता दुसरी बाजू. सौम्य दगडी पुष्कळदा नुसती वारंवार धार काढूनही बरी होते. दहा गाईंना लेप लावला आणि सात बऱ्या झाल्या, तर लेप न लावलेल्या दहांतल्या किती झाल्या असत्या? ते ठाऊक नसेल तर सातचा आकडा कुचकामी. म्हणून चाचणीत तुलनेचा गट लागतो आणि दूध प्रयोगशाळेत तपासावं लागतं. पशुपालकाला आपली गाय तुलनेच्या गटात नको असते, हे समजण्यासारखं आहे. चाचणी लांबते ती इथंच.

ताप असेल, गाय खात नसेल, दुधात रक्त किंवा पिवळं पाणी असेल, सड थंड आणि काळा पडत असेल तर लेपावर वेळ घालवू नका. तिथं प्रतिजैविक लागतं. प्रतिजैविकांना माझा विरोध नाही, ती उगाच वापरण्याला आहे. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं मिसळणं १ जानेवारी २००६ पासून बंद केलं. भारताने २०१९ मध्ये दूध, मांस, अंडी देणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली. वनस्पतींवरच्या संशोधनाला जोर आला त्यामागे हेही कारण आहे. औषध दिल्यावर ठरलेले दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, हे मात्र सगळ्यांना माहीत असूनही पाळलं जात नाही.

लसणाने मिथेन कमी होतो असं वाचलं. मग तेच का देत नाही? (विद्यार्थ्यांचा आवडता प्रश्न)

सिरिंजमध्ये होतो. गाईत तितका होत नाही.

खाल्लेल्या ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के मिथेनच्या रूपाने ढेकरावाटे जाते, म्हणजे तो पशुपालकाचाही तोटा आहे. पण हिशेब करून बघा. समजा प्रयोगशाळेत लिटरमागे १ ग्रॅम अर्काने परिणाम दिसला. मोठ्या गाईच्या कोटीपोटात ७०-८० लिटर ऐवज असतो आणि तो सतत पुढे सरकत राहतो. म्हणजे रोज ७०-८० ग्रॅमच्या वर अर्क, किती किलो लसणातून काढणार? शिवाय काही आठवड्यांत जिवाणू सरावतात आणि परिणाम ओसरतो. २४ तासांच्या प्रयोगावरून खाद्य कंपनीने पोत्यावर दावा छापला असेल तर तो वाचून सोडून द्यावा.

डाळिंबाची साल शेळ्यांना घालतात. बरोबर आहे का?

हा माझ्या आवडीचा विषय, थोडं लांबेल.

डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरातच आहे, आणि सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर पट्ट्यात फुटलेली फळं, रस काढून उरलेली सालं यांना तोटा नाही. सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर. तेच तिचं औषध आणि तेच तिचं विष. कोटीपोटात टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं, जिवाणूंच्या तावडीतून वाचवतं. पुढच्या खऱ्या जठरात आम्ल भेटलं की पकड सुटते आणि ती प्रथिनं थेट जनावराला मिळतात. जंतांवरही टॅनिनचा काही परिणाम होतो. प्रमाण वाढलं की मात्र पकड सुटतच नाही. पेंडीतली महागडी प्रथिनं लेंड्यांतून बाहेर.

प्रमाण किती, ते सालीगणिक बदलतं. प्रयोगशाळेत आम्ही एका सिरिंजमध्ये नुसती साल आणि दुसरीत साल अधिक पॉलिइथिलिन ग्लायकॉल घालतो. हे रसायन टॅनिनला निकामी करतं. दुसऱ्या सिरिंजचा दट्ट्या जितका जास्त चढला, तितकं टॅनिन त्या सालीत जिवाणूंना आडवं येत होतं. बाभळी-बोरीचा पाला ओरबाडून वाढलेल्या उस्मानाबादी शेळीला टॅनिन बरंच सोसतं, गाईला कमी. वाळवून, भरडून, खुराकात थोडी मिसळून साल द्यायला हरकत नाही.

माझी खरी काळजी फवारणीची आहे. डाळिंबाच्या बागेत तेल्या रोग आणि किडींसाठी काय काय मारलं जातं ते बागवाल्यालाच विचारा. शेवटची फवारणी कधीची ते माहीत नसलेली साल घालू नका.

सुबाभळीने शेळ्यांचे केस गळाले. आता झाड तोडू का?

तोडू नका, प्रमाण कमी करा. पाल्यात मिमोसीन नावाचं विषारी द्रव्य असतं, केस त्यानेच गळतात; रोजच्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत सुबाभूळ ठेवली तर सहसा त्रास होत नाही. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांच्या लक्षात आलं की त्यांच्याकडची जनावरं सुबाभळीने आजारी पडतात, पण हवाई बेटांवरच्या शेळ्या तीच खाऊन ठणठणीत असतात. फरक शेळ्यांत नव्हता, त्यांच्या पोटातल्या एका जिवाणूत होता. १९८०च्या दशकात तो जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडला गेला आणि तिथला प्रश्न बराचसा मिटला. जिवाणूला पुढे जोन्स यांचंच नाव मिळालं. शेजारच्या गोठ्यातली शेळी पचवते ते तुमची का पचवत नाही, याचं उत्तर कधीकधी असं असतं.

ॲझोला? हायड्रोपोनिक चारा?

ॲझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. किलोभर ॲझोला म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम सुका माल. कोंबड्यांना ठीक, दुभत्या म्हशीच्या पेंडीला पर्याय नाही. हायड्रोपोनिक म्हणजे मातीविना, ट्रेमध्ये मका उगवला की किलोचा पाच-सहा किलो होतो, पण वाढलेलं सगळं पाणीच. सुका भाग मुळातल्या दाण्यापेक्षा थोडा कमीच भरतो. मे महिन्यात सोलापुरात पाण्याचं टँकर लागत असताना हे कशासाठी, ते ज्याने यंत्र विकलं त्याला विचारावं.

शेळ्यांना दर दोन महिन्यांनी सगळ्यांनाच जंताचं औषध देतो. त्याऐवजी कडूनिंब चालेल?

कडूनिंबाच्या भरवशावर सगळा कळप ठेवू नका, आणि सगळ्यांना सरसकट औषधही नको. खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. लालबुंद असेल तर त्या शेळीला औषधाची गरज नाही. फिकट गुलाबी ते पांढरी असेल तर लगेच द्या. रक्त पिणाऱ्या जठरातल्या जंतासाठी दक्षिण आफ्रिकेत याचा पाच रंगांचा तक्ताच केलाय, फमाचा नावाचा. सरसकट औषधाने तेच जंत उरतात ज्यांच्यावर औषध चालत नाही.

गोचीड आणि लंपीवर काही झाडपाला?

गोचीड अंडी घालते ती भिंतीच्या फटीत, दगडाखाली. गाईला कडूनिंबाचं तेल चोळून गोठा तसाच ठेवला तर पंधरवड्यात पुन्हा तेच. फटी लिंपा. लंपीवर लस. २०२२ मध्ये जे पाहिलं त्यानंतर यावर जास्त लिहावंसं वाटत नाही.

पोट फुगलंय, डॉक्टर यायला वेळ आहे. तेल पाजू का?

हिरवा घास जास्त खाऊन फेसाने डावी कूस फुगली असेल तर गोडं तेल पाजतात, ते योग्य आहे. पाजताना जीभ ओढून धरू नका आणि मान फार वर करू नका. तेल फुप्फुसात गेलं तर पोटफुगीतून वाचलेली गाय न्यूमोनियाने जाते. लग्नातला उरलेला भात किंवा पुरणपोळ्या खाऊन पोट बिघडलं असेल तर तो वेगळा आजार आहे, त्यात आम्ल वाढतं आणि तेलाने काही होत नाही.

म्हाताऱ्या धनगरांकडून उपाय लिहून घेता. त्यांना काय मिळतं?

रास्त प्रश्न, आणि तो मला बाजारात एका मामांनी तोंडावर विचारलाय.

जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. रद्द झालं ते जुने लेखी पुरावे दाखवता आले म्हणून. करगणीच्या किंवा सांगोल्याच्या माळावर मेंढरं राखणाऱ्याच्या डोक्यात जे आहे त्याला लेखी पुरावा नसतो. २००२च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायत पातळीवर समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली आहे. मी सांगणाऱ्याला आधी तिथं नोंद करायला लावते, मग माझी वही उघडते. नोंदवही कपाटात बंद असेल तर ग्रामसेवकांच्या मागे लागावं लागतं, तेही करते. पैशाचं आश्वासन देत नाही, कारण ते माझ्या हातात नाही.

चारा तपासायचा असेल तर नमुना कसा आणायचा?

एकाच पेंडीतला नको. गंजीच्या वेगवेगळ्या भागांतून आठ-दहा ठिकाणचा थोडा थोडा घ्या, कुट्टी करून कालवा आणि त्यातला अर्धा किलो कागदी पिशवीत भरा. हिरवा चारा किंवा मुरघास असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून, त्याच दिवशी. चिठ्ठीवर गाव, पीक, कापणीचा महिना आणि जनावराला रोज किती घालता ते लिहा. बुरशी लागलेला भाग निवडून टाकू नका. जनावराच्या गव्हाणीत तो जाणार असेल तर आमच्या पिशवीतही यायला हवा.